कोरड्या मातीला थंडी कमी लागते

ताई,

आज सकाळी गच्चीवर पारा सहावर होता. तुम्ही असतात तर जिन्याखालूनच विचारलं असतंत, "कांता, किती?" मी सहा म्हटलं असतं आणि तुम्ही म्हणाला असतात, "नीट बघ, चष्मा लावलास का?" मला चष्मा नाही हे तुम्हाला माहीत होतं, तरी दर हिवाळ्यात रोज तोच प्रश्न. आज मी आपणहून दोनदा बघितलं. सहाच होता.

थंडीची लाट आली आहे. सायखेड्याहून दादाचा रोज संध्याकाळी फोन येतो. त्याच्या द्राक्षबागेत याहून कमी आहे, पानावरचं दव गोठतं म्हणाला. काल विचारत होता, "तुझ्या त्या काटेरी झाडांचं काय?" मी म्हटलं, "काटेरी नाय रे दादा, जाड पानांची हायेत. सक्युलंट." "तेच ते," म्हणाला. सात वर्षं सांगते आहे.

मला भीती वाटते आहे, ताई. ती कुणाला सांगता येत नाही म्हणून ही वही काढली. चौथीनंतर काही लिहायची वेळ आली नाही, ती तुमच्याकडे आली. कुंड्यांवरच्या पाट्या मी लिहायचे. एवढं लांब कधी लिहिलेलं नाही.

तुमचं तेरावं झाल्यावर अनघाताई एकट्याच गच्चीवर आल्या. मी ट्रे पुसत होते. त्या म्हणाल्या, "कांतामावशी, मला बंगळुरूहून हे घर सांभाळता येणार नाही. भाड्याने द्यायचं म्हणतेय. एक नर्सरीवाला सगळी झाडं टेम्पोत घालून न्यायला तयार आहे."  एक ट्रे उचलला, दुसरीकडे ठेवला, तिथून परत पहिल्या जागी आणला. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "आई म्हणायची, हिवाळा निघाला की वर्ष निघालं. तुम्ही एकट्याने हा हिवाळा काढाल का? काढलात तर गच्ची मी भाड्यात घालत नाही. झाडं आणि गच्ची तुमच्याकडे. संक्रांत झाली की मला दाखवा." मी मान हलवली.  झाडं गेली तर मला दुसरीकडे धुणंभांडी मिळतील. पण झाडं मिळणार नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा खूप माणसं आली होती. तुमच्या ऑफिसातल्या बायका, रविवारी शिकायला येणाऱ्या बायका. एकजण म्हणाली, "त्यांचा हात लागला की झाड जगायचं." मी चहाचे कप भरत होते. मला सांगावंसं वाटलं की ताई झाडांना फार कमी हात लावायच्या. आठवडा आठवडा नुसत्या बघायच्या. पण मला कुठे सांगता येतं.

पहिल्या दिवशी मी गच्ची झाडायला वर आले होते, आठवतं? एवढ्या कुंड्या आणि एकीचीही माती ओली नाही. मला वाटलं, बाईंना हौस आहे पण वेळ नाही. मी बादली भरून आणली. तुम्ही खुर्चीतून उठलात. "थांब, थांब, थांब!" मी घाबरून बादली खाली ठेवली तर निम्मं पाणी माझ्याच पायावर. तुम्ही एक कुंडी माझ्या हातात दिलीत.

"उचलून बघ. जड की हलकी?"

"हलकी."

"आता पान दाब. मऊ की घट्ट?"

"घट्ट."

"मग तिला तहान लागलीय का?"

 तुम्ही म्हणालात, "पोटात पाणी घेऊन बसलीय ती. तू कशाला आणखी पाजतेस?"

मला तुम्ही वेड्या वाटलात. नंतर कळलं की तीस वर्षं तुम्ही पाटबंधारे खात्यात कारकून होतात. घरी जाऊन मी आमच्या यांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. "जल्मभर पाण्याच्या खात्यात पगार घेतला आन आता कुंडीला थेंब देत नाय?" हे मी तुम्हाला दोन वर्षांनी सांगितलं. इतकं धाडस यायला दोन वर्षं लागली. तुम्ही एवढ्या हसलात की बशीत चहा सांडला. म्हणालात, "अगं, तिथे पाणी सोडण्यापेक्षा बंद करायचंच काम जास्त. त्यांना सांग, सवय लागली."

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. लांबवून उपयोग नाही.

माझा पहिलाच हिवाळा होता. तुम्ही चार दिवस पुण्याला लग्नाला गेलात. जाताना किल्ली दिलीत आणि म्हणालात, "काही करू नकोस. फक्त बघ." दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गार वारा सुटला. आता तुम्हाला आमच्याकडची पद्धत माहीत आहे, पण तेव्हा मी सांगितली नव्हती आणि तुम्ही विचारली नव्हती. आमच्याकडे कडाक्याची थंडी आली की बागेला पाणी देतात. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, ते सोडलं की मुळांना ऊब मिळते. बांधावर शेकोट्या पेटवतात, बागेत धूर फिरू देतात. छाटणीच्या काड्या मी लहानपणी स्वतः गोळा करून त्यात टाकल्यात. तहानलेली वेल थंडीने मरते आणि पाणी प्यायलेली वाचते, हे मला चौथीच्या धड्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

मला झाडांची दया आली. बोअरचं पाणी बादलीत घेतलं, हात घालून कोमट आहे ना ते बघितलं आणि एकेक कुंडी तुडुंब भरली. एकही सोडली नाही. शेकोटी पेटवायचंही मनात होतं, पण शेजारचे ओरडतील म्हणून राहिलं. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं. वाटलं, ताई आल्या की म्हणतील, कांताला न सांगता कळतं.

दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी पानं काचेसारखी झाली. बोट लावलं की शिजलेल्या कांद्याच्या पाकळीसारखी सालातून निसटायची. मधोमध ती मोठी इचेव्हेरिया होती, कमळासारखी, अनघाताईंच्या वडिलांनी त्यांच्या शेवटच्या वर्षी तुम्हाला आणून दिलेली. ती खाली बसली होती.

तुम्ही प्रवासातून आलात ते खांद्याला पिशवी तशीच ठेवून सरळ वर. खराट्याची एक काडी घेतलीत, कुंडीत खुपसलीत, बाहेर काढलीत. काडीला चिखल.

"पाणी?" एवढंच विचारलंत.

मी म्हटलं, "अवकाळी आला होता, ताई."

तुम्ही वर आभाळाकडे बघितलंत. मग शेजारच्या गच्चीकडे. तिथे जोशीकाकूंनी आठवड्यापासून वाळत घातलेली ज्वारी तशीच पसरलेली होती, कोरडी खडखडीत. ती मलाही तेव्हाच दिसली. तुम्ही म्हणालात, "असं का."

मी वाट बघत राहिले, आता म्हणतील उद्यापासून येऊ नको. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि पदर खोचलात. "बस इथे. जी पानं अजून घट्ट असतील ती सोडवून घेऊ. ओढायची नाहीत. डावीकडे, उजवीकडे, अशी हलवायची. बुडासकट निघालं पाहिजे, अर्धं तुटलेलं पान रुजत नाही." ऊन जाईपर्यंत आपण दोघी बसलो. तुमच्या अंगावर लग्नातली साडी होती. त्या मोठ्या झाडाची बाहेरच्या कडेची सात पानं मिळाली. ती तुम्ही वेगळी ठेवलीत, पण त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत.

पानं चार दिवस खोलीत कागदावर पसरून ठेवली, तुटलेली बाजू सुकायला. मग कोरड्या मातीवर नुसती ठेवून दिली. मी रोज वाकून बघायचे. महिनाभराने एका पानाच्या टोकाला मुगाएवढं हिरवं काहीतरी दिसलं. मी धावत खाली आले आणि दारात उभी राहिले. तुम्ही फोनवर होतात. फोनमध्ये म्हणालात, "ठेवते गं, आमच्याकडे बाळ झालंय."

पुढच्या थंडीत रविवारच्या बायकांना तुम्ही शिकवत होतात. थंडीत माती कोरडी ठेवा, कोरड्या मातीला थंडी कमी लागते, ओली माती गार झाली की मुळं कुजतात. कुणीतरी विचारलं, "तुमची कधी मेली का हो?" तुम्ही म्हणालात, "मेली ना. एका वर्षी अवकाळी पाऊस पडला. फक्त आमच्याच गच्चीवर." सगळ्या हसल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. माझे कान तापले आणि मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. तिथे मला हसू आलं.

ताई, पाऊस आला नव्हता. पाणी मी घातलं होतं. तुम्हाला ते पहिल्या क्षणी कळलं होतं आणि तुम्हाला कळलंय हे मला माहीत होतं, तरी सात वर्षांत मी ते तोंडाने म्हटलं नाही. दर थंडीत ठरवायचे. तुम्ही सकाळी झाडावरचं थंडीचं कापड उचलून म्हणायचात, "बघ, कशी गोड झोपलीय," आणि माझं राहून जायचं.

तुम्ही मला रागावला नाहीत म्हणून मी हे लिहीत नाही. माझी सासूही कधी कधी रागावत नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही परत पुण्याला गेलात, तेव्हाही थंडी होती. तुम्ही किल्ली माझ्याच हातात दिलीत. आणि त्या वेळी "काही करू नकोस" असं म्हणालासुद्धा नाहीत. रिक्षात बसलात आणि गेलात. मी कोपऱ्यापर्यंत रिक्षाच्या मागे बघत होते. माझ्यावर एवढं कुणी सोडून गेलं नव्हतं.

कापडांचं पण लिहायचं आहे. सगळे प्लॅस्टिक घालतात. तुम्ही म्हणायचात, प्लॅस्टिकला आतून घाम सुटतो आणि तो पानावर पडतो, सुती कापडच हवं. घरात जुनी सुती कापडं संपली तेव्हा तुम्ही कपाट उघडलंत आणि ऑफिसच्या साड्या काढल्यात. मी म्हटलं, "ताई, ही तर नवी हाय. घडी पण मोडली नाय." तुम्ही म्हणालात, "निवृत्त बाईला किती साड्या लागतात? ही आता हिला नेसव." आणि कात्री लावलीत. जोशीकाकू पलीकडून ओरडल्या, "अहो, साड्यांचं प्रदर्शन लावलंय का?" तुम्ही ओरडलात, "हो, तिकीट आहे!"

दुपारचं ऊन खाणाऱ्या त्या भिंतीला तुम्ही शेकोटीच म्हणायचात. दिवसभर तापते आणि अंधार पडला तरी हात लावला की कोमट लागते. नाजूक झाडं त्या भिंतीशी, दणकट ती कठड्याकडे. कुंडी थेट फरशीवर ठेवायची नाही, खाली वीट किंवा फळी. संध्याकाळी कापड घालायचं आणि सकाळी ऊन जिन्याच्या दारापर्यंत आलं की लगेच काढायचं, एक मिनिट उशीर नाही. वाळवंटी गुलाबाची पानं गळली की बायका रडकुंडीला यायच्या, "मेला हो माझा!" तुम्ही म्हणायचात, "मेला नाही, निजलाय. होळीपर्यंत उठवू नका." यातलं काही तुम्ही पाठ करून घेतलं नाहीत. मी बाजूला उभी असायचे आणि ते माझ्यात गेलं.

पण तुम्ही मला बाजूला कुठे राहू दिलंत. "टाकीमागून बाहेर ये. त्या बायका चावत नाहीत." कुणी काही विचारलं की, "ते कांता सांगेल." आणि मग खुशाल गप्प बसायचात. एवढा वेळ गप्प की मला काहीतरी बोलावंच लागायचं. एकदा गंगापूर रोडच्या एक बाई आल्या, मोठा गॉगल, पिशवीतून सडलेलं झाड काढलं. "रोज स्प्रे मारते मी, तरी असं कसं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी जमिनीकडे बघून म्हटलं, "रोज मारता म्हणूनच." आवाज इतका बारीक होता की त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" तुम्ही म्हणालात, "तिने एकदा सांगितलंय. ती उगाच दोनदा सांगत नाही." ताई, असं माझ्याबद्दल कुणी बोलेल हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन भाकरी थापताना ते वाक्य मनात किती वेळा म्हटलं.

एवढं लिहून ठेवलं होतं. मध्ये तीन दिवस गेले. आज पुढचं लिहिते.

आपलं एक भांडण राहिलं होतं. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला जिना चढवत नव्हता, तुम्ही खाली पलंगावर असायचात आणि मी एकेक कुंडी खाली आणून दाखवायचे. तुम्ही विचारायचात, "वजन?" मी हातात घेऊन सांगायचे, "हलकं." त्या दिवशी म्हणालात, "यंदा थंडी लवकर येईल असं वाटतंय. कापडं धुऊन ठेव." मी म्हटलं, "ताई, यंदा कागद बांधू का?" हे मी तीन वर्षं म्हणत होते. दादाकडे थंडीत द्राक्षाच्या प्रत्येक घडाला कागद गुंडाळतात, नाहीतर मणी गुलाबी पडतात. मला वाटायचं, घडाला चालतो तर झाडाला का नाही. कापडाखाली हवा खेळते, कागद अंगाशी बसतो. तुम्ही दर वर्षी म्हणायचात, "कागद ओला झाला की पानाला चिकटेल." मी म्हणायचे, "नाय चिकटत." तुम्ही, "चिकटतो." मी, "घडाला कुठं चिकटतो?" तुमच्याशी तेवढंच एक मी भांडू शकायचे. त्या दिवशी तुम्हाला धाप लागत होती. म्हणालात, "मी वर आले की भांडू यावर."

तुम्ही वर आला नाहीत.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आला. "कांते, उद्या लय थंडी पडणार हाय. आम्ही पाणी सोडतोय." मी म्हटलं, "मी नाय सोडत." तो हसला. मग मी काय केलं सांगते. सगळ्यांवर कापडं घातली, पण दोन ट्रेंना कागद बांधला. एक कोपऱ्यातल्या पत्र्याच्या छपराखालचा, इचेव्हेरियाचा आणि एक कठड्याशेजारी उघड्यावर, मोतीमाळेचा. तिची हिरव्या मण्यांची माळ कठड्यावरून किती छान लोंबायची. दादाकडून मागवलेलाच कागद होता, घडाला बांधतो तसाच चारी बाजूंनी बांधला. माझ्या मनात तुम्हाला दाखवायचं होतं.

सकाळी पारा चारावर. एवढा आपण कधी बघितला नव्हता. आधी पत्र्याखाली गेले. कागद कोरडा, कुरकुरीत. सोडला तर आतली झाडं कापडाखालच्या झाडांपेक्षा टवटवीत, एका पानावर डाग नाही. मला इतका आनंद झाला, ताई. मग कठड्याकडे गेले. रात्रभर दव पडलं होतं. कागद भिजून लगदा झाला होता आणि मण्यांना चिकटून गारठला होता. सोडवायला गेले तर मणी कागदाबरोबर आले. सगळा ट्रे.

मी दोन्ही कागद हातात घेऊन जिना उतरले. सांगायला. म्हणजे हे की उघड्यावर तुमचं खरं आणि पत्र्याखाली माझं खरं, आपण दोघी तीन वर्षं अर्धं अर्धं बरोबर भांडत होतो. स्वयंपाकघरापर्यंत गेले. तुमची खुर्ची भिंतीला लावलेली होती आणि वर पेपरांचा गठ्ठा. तिथे मी किती वेळ उभी होते ते माहीत नाही. तुमच्या अंत्ययात्रेत मी रडले नव्हते. हातातला कागद पार फाटला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अनघाताईंचा व्हिडिओ कॉल आला. मोतीमाळेचा ट्रे मी सकाळीच जिन्याच्या खोलीत नेऊन ठेवला होता. खोटं लिहीत नाही, लपवलाच होता. एवढ्या झाडांत एक ट्रे कमी असल्याचं त्यांना कळलं नसतं. फोनवर मला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून मी फोन झाडांकडे फिरवला. त्या म्हणाल्या, "हं, दाखवा मावशी, सगळं दाखवा." भिंतीकडे निघाले होते. काय झालं मला सांगता येत नाही, मी वळले, जिन्याच्या खोलीचं दार उघडलं आणि फोन त्या ट्रेवर धरला.

"अगं बाई, हे काय?"

"मेली. मोतीमाळ हाय. होती."

"थंडीने?"

"नाय. माझ्यामुळं. कागद बांधला होता मी, तो दवात भिजला."

  मग त्यांनी विचारलं, "आई असती तर मेली असती?"

"नाय. त्यांनी कापड घातलं असतं."

"मग तुम्ही का कागद बांधलात?"

"आमचं भांडण राहिलं होतं."

 मग म्हणाल्या, "कोण जिंकलं?"

"उघड्यावर त्या," मी म्हटलं. "पत्र्याखाली मी."

त्या हसल्या आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाल्या, "बाकीची दाखवा." मी एकेक ट्रे दाखवला. कठडा, फळ्या, भिंत. कुठलं झाड दणकट, कुठलं नाजूक, कुठलं नुसतं निजलंय, कुणाला होळीपर्यंत पाणी द्यायचं नाही. त्या विचारत नव्हत्या तरी मी सांगत होते. किती बोलले मी, ताई. हात दुखायला लागला तेव्हा कळलं की फोन धरून बराच वेळ झालाय. त्यांच्या वडिलांनी आणलेल्या झाडाच्या सात पानांपैकी जगली ती चारही झाडं दाखवली. ती कशी झाली तेही सांगितलं. पावसाचं नाही सांगितलं. खरं जे होतं ते सांगितलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "नर्सरीवाल्याला मी नाही म्हणून कळवते. गच्ची तुमच्याकडे राहू दे."

मी म्हटलं, "एक ट्रे गेला ना पण."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "त्याने मला तो दाखवला नसता."

फोन ठेवल्यावर मी तिथेच विटेवर बसले. बसून राहिले. मग पाठ भाजायला लागली तेव्हा लक्षात आलं की ऊन जिन्याचं दार ओलांडून पार टाकीपर्यंत आलंय आणि भिंतीकडची कापडं अजून झाडांवर तशीच आहेत. तुमच्या वेळी असं एकदाही झालं नाही. मी धावले.